शंभरातले चार

शिन्चूला वारा असतोच.
ऑक्टोबरात तो कोरडा होऊन येतो,
उभ्या स्कूटरी आडव्या करतो, छत्र्यांच्या काड्या मोडतो.
आम्ही आत. टाचेपासून टाळूपर्यंत पांढऱ्या पिशवीत,
पिवळ्या उजेडात,
जिथे धूळसुद्धा मोजून ठेवलेली.

माझ्या चिमट्यात एक वेफर आहे.
निळा उजेड त्याच्या पोटात होतो, भरपूर होतो,
त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.
तक्रार दाराबद्दल आहे.
स्फटिक इतका घट्ट आणि बाहेरची हवा इतकी पातळ
की जवळजवळ सरळ येईल तोच किरण सुटतो.
तेवीसेक अंश कललेला चालतो, त्यापुढचा नाही.
बाकीचे आपटतात, परततात,
दुसऱ्या भिंतीवर त्याच कोनात आपटतात,
आणि थकून नुसती ऊब होतात.
एका बाजूने शंभरातले चार बाहेर येतात.
चार.

(बाबांच्या शाळेत हक्का बोललं की एक नाणं दंड होता.
ते अजून मोजून बोलतात.)

तर आम्ही भोकं पाडतो.
आधी महिनाभर जपून स्फटिक वाढवायचा, डाग नको, चरा नको,
आणि मग क्लोरीनच्या ज्वाळेत
त्याच्यावर भोकांची रांगोळी कोरायची,
प्रत्येक भोकाला सहा शेजारी, सारख्या अंतरावर.
केसाच्या जाडीत शेकडो बसतील एवढी बारीक.
ओउयांग बाई म्हणतात, शिस्त भोकात नसते,
दोन भोकांच्या मधे असते.
ते अंतर चुकलं की उजेड आपला पुन्हा आत.
खोली चुकली तर आणखी वाईट:
जिथे उजेड जन्मतो तो थरच जखमी.
तिसरी चिप मी अशीच मारली.
खूप खोल गेले. घाई होती.

रविवारी शिनपूला घरी.
अंगणभर गोल बांबूच्या ताटल्या,
त्यांवर सोललेले केशरी पर्सिमॉन, वाऱ्याला दिलेले.
बाबा एकेक फळ उचलतात, अंगठ्याने हलकं दाबतात, ठेवतात.
वरून वाळतं, म्हणाले, आणि आतलं पाणी आतच राहतं.
रोज दाबावं लागतं.
फाटेल इतकं नाही.
हे ते मला माझ्या लहानपणापासून सांगतायत.
मी कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, तू तिथे नक्की करतेस काय?
हक्कात माझ्याकडे शब्द कमी होते.
म्हटलं, दिव्याला भोकं पाडते.
ते बराच वेळ फळ हातात धरून बसले.
"गळेल की."
"गळायलाच हवाय, बाबा."
हसले. दात कमी झालेत त्यांचे.

बुधवारी सातवी चिप
त्या पांढऱ्या पोकळ गोळ्यात ठेवली.
आकडा चढला. दुप्पट नाही, पण दुपटीच्या वाटेवर.
च्युन-हाओने दोनदा मोजायला लावलं,
तिसऱ्यांदा स्वतः मोजलं.
मग गोळा काढून पडदा लावला आम्ही,
आणि पडद्यावर निळ्याचं एक सहा पाकळ्यांचं काहीतरी उमटलं,
थोडं वाकडं. एक पाकळी फिकी.
ती का फिकी, ते अजून कळलेलं नाही.

फोटो बाबांना पाठवला.
रात्री उशिरा उत्तर आलं,
एका ताटलीचा फोटो, अंधारात काढलेला, हललेला,
आणि खाली:
वारा चांगला आहे.