डावीकडची बाई

वसमतला, मोंढ्याच्या कोपऱ्यावर,
न्यू शाहीन डिजिटलमध्ये मी बॅनर करतो.
वाढदिवस, दहावा, निवडीबद्दल अभिनंदन,
दहा बाय सहा, रिंगा मारून.

सोळंके आला तेव्हा चाळीस डिग्री, आणि त्याला टाय.
म्हणाला, ‘आधी’ आणि ‘नंतर’ पाहिजे.
आधीची बाई आपल्याकडची दिसू दे,
गोऱ्या बायकांचं लोकांना पटंना आता.

माझ्याकडे फोटो होता.
चतुराबाई, हळदीच्या गोडाऊनला निवडायला जाते,
निराधारच्या फॉर्मसाठी काढलेला,
आठ कॉपी, चाळीस रुपये, दहा उधार.

डावीकडे ती ठेवली जशीच्या तशी.
उजवीकडेही तीच.
डोळ्यांखालच्या पिशव्या उचलल्या,
गालाची कातडी गालाच्याच कातडीनं झाकली,
केसांत काळं ओतलं.
वीस मिनिटं. मध्ये एकदा लाईट गेली.
वर टाकलं, नव्वद दिवसांत पंधरा वर्षं मागे.
पेशी नव्या होतात, हेही टाकलं.
सोळंके म्हणाला, पेशी जाड कर.
आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या अक्षरात:
परिणाम व्यक्तीनुसार वेगळे.
ते रस्त्यावरून दिसत नाही.
साइज मीच ठरवली होती.

दिवाळीच्या तोंडावर ती दुकानात आली,
पदराच्या गाठीतून डबी काढली,
दोन हजार आठशेची, हप्त्यानं.
बोटं पिवळी, नखांच्या मुळापर्यंत.
‘वाच की बाबा, काय काय हाय ह्याच्यात.’

पहिलंच नाव हळदीचं होतं,
शहरात जाऊन आडनाव बदलून आलेलं.
हळद, मी म्हटलं.
ती हसली. ‘आमच्याच गोडाऊनची का काय?’

मग चौकातल्या बॅनरकडे हात केला,
ऊन खाऊन निळा पडलेल्या.
‘त्या उजव्या बाजूच्या बाईला
किती महिने लागले रे?
माझा तिसरा डबा चालूय.
मुकादम म्हणतो, तुझ्याच्यानं पोतं हलंना,
दिवाळीनंतर येऊ नको.’

आणि डावीकडची? तोंडातून निघून गेलं माझ्या.
तिनं डोळे बारीक केले,
बघितलं बराच वेळ.
‘कोण की.
लई दमलेली दिसायलीय बिचारी.’

आत मशीनमधून कुणाचा तरी वाढदिवस
डोक्याकडून बाहेर येत होता, इंच इंच.

जाताना तिनं काउंटरवर दहाची नोट ठेवली,
फोटोचे राहिलेले.
नोटेला हळद लागली होती.
घेतली मी.