पिशवी नंबर सत्तेचाळीस

निपाणीत, बंद पडलेल्या वखारीच्या सोप्यात
माझं टेबल:
चंदेरी पिशव्या, पांढऱ्या तोट्या, बेडक्यासाठी झाकणाच्या डब्या,
बर्फाची पेटी, आणि फॉर्म.
फॉर्म एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी.
मराठी मी तोंडानं सांगते.

सुई नाही, मावशी. चिरफाड नाही.
नाकाला चिमटा लावायचा, आणि या तोटीत
आतलं सगळं बाहेर टाकायचं, सावकाश.
रात्रीपासून काही खाल्लं नाही ना? मिसरी?

'मिसरी काय खाणं हाय व्हय?'

तानूबाई हणबरांचा कालचा श्वास म्हणून बाद झाला.
आज पुन्हा आल्यात, मिसरीशिवाय,
डोकं जड, तोंड कडू, माझ्यावर रागावून.
वय? 'पासष्ट लिव. चुकलं तर तुझं.'
काम? 'छत्तीस वर्षं चाळण.'
ओढता का? 'बिडी? छी!'
फॉर्मात चौकोन आहे, धूम्रपान: नाही.
छत्तीस वर्षांच्या भुकटीला चौकोन नाही.
मी समासात लिहिते.
समास स्कॅन होत नाही.

माझी आई याच वखारीत, पलीकडच्या दाराला बसायची.
पान हातात आलं की आधी नाकाला.
वरून सोनेरी, शिरा धड,
आणि ती म्हणायची, हे बाजूला टाक, हे आतनं गेलंय.
चार दिवसांनी मुकादम उलटून बघायचा:
देठाजवळ बुरशीची पांढरी टिकली.
घरी खोकायची तेव्हा आम्ही म्हणायचो, जर्द्याचा ठसका.
गल्लीत सगळ्यांनाच होता.
तिला कुणी नाकाला लावलं नाही.
बेळगावात फोटो काढला, डॉक्टरांनी तो उजेडाला धरला
आणि मला विचारलं,
तुझ्याबरोबर मोठं कुणी आलंय का?

तानूबाई फुंकतात.
पहिल्यांदा खोकला. दुसऱ्यांदा हसू.
तिसऱ्यांदा पिशवी फुगत जाते, ताठ होते.
मी तोटी पिळते, पट्टी चिकटवते, सत्तेचाळीस.

'आता काय बघणार ह्यात?'
मशीन वास घेतं, मावशी.
श्वासात बारीक बारीक वायू असतात,
आत काही बिघडायला लागलं की त्यांचं माप बदलतं,
असं आम्हाला वाटतंय.
अजून ठरलेलं नाही.
'म्हंजे मशीन पान निवडतंय.'
व्हय.
'मग मला कवा सांगणार?'

इथं पाठ केलेलं वाक्य म्हणायचं असतं:
हा अभ्यास आहे, तपासणी नव्हे, निकाल घरी येणार नाही.
मी म्हणते.
कन्नडमध्ये ते छापलंय, त्याच्याखाली त्यांचा अंगठा आहे.
त्या पिशवीकडे बघतात,
भाजीवालीनं माप मारल्यावर बघतात तसं.
'मग उरलेला तरी परत दे की.'

चिठ्ठीवर लिहिलं: गुरुवार, सरकारी दवाखाना, छातीचा फोटो.
खाली माझा नंबर.
हे कुठल्याच नियमात नव्हतं.
त्यांनी घडी करून बटव्यात घातली, मिसरीच्या डबीखाली.
'जातो मी. शेळी बांधून आलोय.'
वखारीच्या पायरीवर थांबल्या, एकदा खोकल्या,
मग गेल्या.

संकेश्वर, हत्तरगी, काकती.
गाडी वळली की मागच्या खोक्यात
पिशव्या एकमेकींना घासायच्या.
ड्रायव्हर काच खाली करून म्हणाला,
मॅडम, तंबाखू आणलाय का कुणी?

मशीनला लागतो तो एक घोट. बाकीची हवा
ठरलेल्या खिडकीत सोडायची असते.
दुसऱ्या दिवशी सत्तेचाळीस मी जिन्यात नेली,
तोटी उघडली,
आणि सोडण्याआधी नाकाला लावली.
तंबाखू. थोडी आंबूस भाकरी.
त्याच्या आत काय, ते मला कळेना.
लोक म्हणतात मी आईसारखी दिसते.
नाक तेवढं आलं नाही.

उद्या गुरुवार.