उसना गळा

इस्तंबूलला, कादिकॉयच्या एका बोळात मी बटणं विकते.
झिपा, अस्तराचं कापड, नवरीच्या कमरेच्या लाल फिती.
एखादी बाई चार भोकांची बटणं निवडता निवडता थांबते,
चष्मा कपाळावर ढकलते: "तुम्ही जेविझ ना?"
जेविझ म्हणजे अक्रोड. नाव निर्मात्यानं ठेवलेलं,
फेरदा त्याला अळणी लागलं.

मी "हो" म्हणते
आणि बाईचा चेहरा उतरतो.
तो आवाज हा नव्हेच.

तो होता पेरिहानचा.
चाळिशीची बाई, दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी,
स्टुडिओच्या तळघरात उंच स्टुलावर बसून
माझ्या पडक्या दुधाच्या दातांतून बोबडं बोलायची.
अख्खा देश रडला
तो तिच्या गळ्यानं, माझ्या तोंडाकडे बघत.

मला संवाद कधी दिलेच नाहीत.
"पोरीला पाठ व्हायचे नाहीत, रीळ महाग आहे.
तोंड हललं म्हणजे झालं. आकडे म्हण गं."
म्हणून मरणाऱ्या आयांच्या उशाशी बसून
मी एकापासून वीसपर्यंत मोजायची.
डोळ्यांखाली कांदा. एकदा कांदा संपला
तेव्हा दिग्दर्शक कानाशी वाकून म्हणाला,
तुझी मांजर ट्रकखाली गेली.
मांजर घरी ठणठणीत होती.
तो शॉट अजून दाखवतात.

बाबा पैशांची पिशवी काखेत मारून
शर्यतींना जायचे. हरलेल्या घोड्यांची नावं
मला आजही ओळीनं येतात.
बाराव्या वर्षी आईनं छातीवर मलमलीची पट्टी आवळली;
जोरात श्वास घेतला की टाका उसवायचा.
दोन चित्रपट त्या पट्टीत निघाले.
तिसऱ्याला नवी मुलगी आणली, सहा वर्षांची,
हनुवटीला खळी.
तिच्यासाठीही पेरिहानच.

तेवढं मात्र लागलं मला.
घोड्यांचं नाही, मांजरीचं नाही, ते.

गेल्या गुरुवारी वृद्धाश्रमात गेले.
पेरिहान खिडकीशी. गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल.
स्वरयंत्र काढून टाकलंय.
पाटीवर खडूनं लिहिलंन: "लठ्ठ झालीस."
तिथं दुपारचा टीव्ही चालू.
मी, सात वर्षांची, साबणचुऱ्याच्या बर्फात
कुणाचं तरी दार ठोठावतेय.
नर्सचं डोकं दुखत होतं,
तिनं आवाज बंद केला.

पेरिहानचे ओठ हलायला लागले.
शब्दन् शब्द. हुंदके जागच्या जागी.
मी पडद्यावरच्या पोरीचं तोंड नीट पाहिलं,
जीभ कुठं टेकायची ते आठवलं,
आणि या माझ्या जाड, दुकानात घासलेल्या आवाजात
तिच्याबरोबर म्हणायला लागले:
चौदा. पंधरा. सोळा.
दार काही उघडेना.
सतरा.