हातचा

हडर्सफील्ड. चॅपलमागची खोली,
हीटरची एकच पट्टी लाल.
डोरीन अ‍ॅक्रॉइड बिस्किटांचा डबा उघडते:
सात वर्षांच्या पावत्या, रबरबँडात.
मी तपासनीस. फुकट. चहा मात्र दोनदा.

मलावीत वाकडी पावलं सरळ करतात हे लोक.
प्लास्टर, पट्ट्या, बोटभर बूट.
दर पावलाला एकशे चाळीस पौंड.
‘स्वस्त आहे,’ मी म्हणतो.
‘पावलाला की पोराला?’ ती विचारते.
मी खोडरबर शोधतो.

कारभाराचा खर्च नऊ टक्के. ठीक.
शिल्लक चार महिने पुरेल. ठीक.
‘परिणाम’ या रकान्यात तिनं लिहिलंय:
चालतात.

किती जण? कुठवर?
रात्री बूट घालतात का, कोण बघतं?
ती चष्मा पुसत राहते.

डब्याच्या तळाशी बसचं परतीचं तिकीट,
न वापरलेलं. पैसे परत आले,
जमेच्या बाजूला अडीच पौंड.
‘कुणाचं हे?’
‘एका पोराच्या आईचं. ती राहिलीच तिथे.
आता इतरांची प्लास्टरं भिजवते.’

बेरीज जुळते. सही करतो.
बाहेर अंधार, साडेचारलाच.
बस यायची आहे,
आणि ती बाई अजून
हातच्यासारखी
माझ्या बोटांवर.