ळ दिसतो का

कलिन्यात, तिसऱ्या मजल्यावर, एसी बंद.
ईमेल समितीची चौथी बैठक.
पडद्यावर तीन टपालपेट्या, तिन्ही निळ्या.
कुणी विचारलं, जागा किती मिळणार?
कुणी, मुलांच्या फोनवर चालेल ना?
लेखा विभागाचे खंबाटा म्हणाले, फुकट कोणती?

मी कोपऱ्यात. पासवर्ड विसरणाऱ्यांचा कुलूपवाला.

पालीच्या मुळगावकर बाई
इतका वेळ बिस्किटाचा चुरा बोटानं गोळा करत होत्या.
म्हणाल्या, ह्यात ळ दिसतो का?

हसले सगळे.
बाईंनी फोन पुढे सरकवला.
बावीस वर्षांपूर्वीचं पत्र, कुठल्याशा जुन्या फॉन्टातलं,
भांडुपच्या एका विद्यार्थ्याचं.
नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं,
आणि तळाशी, इंग्रजीत, तेवढं शाबूत: अर्जंट.

"काय मागत होता, अजून कळलं नाही."

इतिवृत्तात मी हे घेतलं नाही.
रात्री मात्र तिन्ही पेट्यांत
स्वतःलाच एकेक पत्र धाडलं:
वेळ, कळ, जवळ, मुळगावकर.
दोन धड पोचली.
तिसरीत, खंबाटांच्या फुकटातलीत,
बाईंच्या आडनावाला मधोमध
एक रिकामी खिडकी पडलेली.