समासातली पेन्सिल

कोपरीच्या रद्दीवाल्यानं वजनावर दिलं:
मुखपृष्ठावर जळतं अवकाशयान,
आत जांभळा शिक्का,
सार्जंट वि. ह. वैती, वायुसेना, कोलशेत.

कादंबरी तेविसाव्या शतकातली.
पलटणी प्रकाशाच्याही पुढे धावतात
आणि हुकूम येतात भोकं पाडलेल्या कागदी फितीवर.
सेनापती गुणाकारासाठी खिशातून
सरकती मोजपट्टी काढतो, सिगारेट पेटवतो.
एवढ्या मोठ्या ताफ्यात बाई एकच,
तीही पान पस्तीसवर कॉफी घेऊन येते
आणि तिला नाव द्यायचं लेखक विसरतो.

नेरूळहून भाचा आला होता,
दहा पानं वाचून हसला:
"यांच्याकडे साधा मोबाइल नाही, मावशी?"
नाही रे. ग्रह उडवायची सोय आहे.

पण वैती पेन्सिल घेऊन वाचत होता.
चिलखत चढवून शिपाई तीन मैलांची उडी मारतो,
तिथं समासात: "आणि लघवी?"
एका पोऱ्याला नवा बूट चावतो,
सगळं आभाळ पेटलेलं असताना
तो टाचेचाच विचार करतो,
तिथं दोन रेघा. "बरोबर."
घरचं पत्र सात वर्षं उशिरा पोचतं
तिथं काहीच लिहिलेलं नाही.
चहाच्या कपाचा गोल डाग आहे,
कप बराच वेळ उचलला नसावा असा.

शत्रू किड्यांसारखा. त्याला चेहरा नाही, आई नाही.
पान एकशे अठ्ठ्याऐंशी: एका वाक्यात
चाळीस हजार मेले,
पुढच्या वाक्यात जेवणाची घंटा.
इथं पेन्सिल इतकी दाबलीय
की पान उलटून बोट फिरवलं
तरी अक्षरं हाताला लागतात:
"मोजले कोणी?"

त्यानंतर समास कोरे.
बदली झाली, की मन उडालं,
की नुसतं टोक मोडलं, कोणाला विचारणार?
कोलशेत रोडला आता पस्तीस मजली टॉवर,
रात्री त्यांच्या माथ्यावर लाल दिवे,
खालून बघितलं तर एखादा ताफा
उतरायची परवानगी मागत थांबलाय असं वाटतं.

मी शेवटपर्यंत वाचलं. आपण जिंकतो.
बिगूल वाजतं, झेंडा, नवा सूर्य वगैरे.

मग फ्रीजवरची पेन्सिल आणली,
दुधाचा हिशेब लिहायची,
आणि बराच वेळ
नुसती टोक काढत बसले.