पंच

देगलूरच्या अलीकडं, फाट्यावर,
रात्री दोनला टॉर्च फिरला काचेवरून.
"डिकी उघड."
मी इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टेअरिंगवर, दिसतील असे.
"उघडतो साहेब. कशासाठी ते सांगा.
अन् पंच बोलवा."

"पंच?" बेद्रे साहेब हसले.
"वकील हाईस का रे?"
"न्हाई. पंच होतो एकदा."

बिलोलीला, सहा वर्षांमागं.
पान खायला उतरलो, जीपमधून हाक आली,
हितं सही कर.
कागद कोरा होता. मला घाई होती.
कुणाच्या गाडीत काय सापडलं
ते कोर्टात कळलं, वकिलानं वाचून दाखवलं तेव्हा.
माझ्या डोळ्यांदेखत, म्हणे.
पिंजऱ्यातलं पोरगं माझ्याकडंच बघायलं होतं.
"हो," म्हणालो मी.

हवालदार गेला.
हॉटेलातला सायलू आला लुंगी सावरत,
मागून पंक्चरवाला पाशामियां, एका पायात चप्पल.

"आता आधी तुमची झडती द्या साहेब.
दर पंचनाम्यात लिहिलेलं असतं,
आम्ही आमची अंगझडती दिली.
म्या कधी बघितली न्हाई."

तेलंगणाकडं जाणारा ट्रक गेला.
त्याच्या उजेडात साहेबांचं तोंड दिसलं,
माझ्याच वयाचं, झोप नसलेलं.
वाटलं, आता कानाखाली बसते.
पण सायलू अन् पाशामियां उभे होते ना,
जांभया देत का होईना,
बघत.

साहेबांनी खिसे उलटे केले.
सुपारीची पुडी.
पित्ताच्या गोळ्यांची अर्धी पट्टी.
सोनोग्राफीची पावती, चार घड्यांची.
अन् केसांचा एक लाल चाप, लहान पोरीचा.
सायलूनं चाप उलटासुलटा करून पाहिला
आणि शर्टाला पुसून परत दिला.

मग मी डिकी उघडली.
स्टेपनी, जॅक, पाण्याचा कॅन,
बहिणीनं दिलेली चिंचेची पिशवी.
हवालदारानं चिंचसुद्धा दाबून बघितली.
हात चिकट झाला त्याचा.

काही एक मिळून आले नाही, असं लिहिलं.
सायलूनं सही ठोकली, झोपायला निघाला.
पाशामियां म्हणाला, "ठहरो, पढने दो."
बॉनेटवर कागद पसरून
बोट ठेवत, ओठ हलवत,
एकेक अक्षर.
मराठी त्याची कच्ची होती.

आम्ही सगळे थांबलो.
साहेबांनी टॉर्च धरला.